खोल बाजू

पोहायला शिकणाऱ्या आजींचा हात तलावाच्या कठड्यावरून निसटला आणि त्या खोल बाजूला सरकल्या, तेव्हा मास्तर पलीकडच्या काठावर उभे होते. त्यांनी लगेच सूर मारला.

उभं आयुष्य या तलावावर पोहायला शिकवण्यात गेलेलं. पाण्यात पडलं की अंग आपोआप निघायचं. आज मात्र उजवा पाय पाणी मारत होता आणि डावा मागे नुसता तरंगत होता, झोपलेल्याला कुणी ओढून न्यावं तसा. मास्तर सरळ जायला बघत आणि अंग बाजूला वळे. तळाच्या निळ्या फरशा संथ सरकत होत्या, कानांत गुणगुण भरली होती. क्षणभर त्यांना वाटलं, आपण पोहत नाही, पोहण्याचं स्वप्न बघतोय. मग हाताला आजींचं मनगट लागलं.

काठावर आजींनी भरपूर खोकून घेतलं. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"मास्तर, आज तुम्ही वळसा घालून आलात," त्या हळूच म्हणाल्या.

मास्तर पंचा घेऊन डावा गुडघा पुसू लागले.

तो गुडघा कित्येक महिने कुरकुरत होता. बायको रोज तेल चोळून शेकत होती. चप्पल पायातून निसटायची, जिन्यात पाऊल अडखळायचं; ते सगळं मास्तर वयाच्या नावावर खपवत आले होते. त्या दुपारी बायकोने त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीणबाईंनी टाचांवर चालायला सांगितलं, तर डावं पाऊल फटकन खाली पडलं. गुडघ्यात तसं काही नाही, त्या म्हणाल्या. कमरेत मणक्यापाशी नस दबली होती. पायाच्या स्नायूंना हुकूमच पोचत नव्हता. ते रोडावले होते आणि त्यांचा भार एकटा गुडघा वाहत होता. व्यायामाने फरक पडेल, पाण्यात चालणं उत्तम. पण पहिल्यासारखी ताकद येईल असं सांगता येत नाही.

परतताना बायको रस्त्यातच थांबली. "म्हणजे इतके दिवस मी भलत्याच जागी चोळत बसले."

"दुखत तर तिथंच होतं ना," मास्तर म्हणाले. "बरं वाटायचं गं."

दुसऱ्या दिवशी ते तलावाच्या व्यवस्थापकांकडे गेले. व्यवस्थापकांनी आधी कौतुक केलं, आजी वाचल्या म्हणून. मास्तरांनी ते ऐकून घेतलं.

"खोल बाजू दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मी पोचेपर्यंत..."



आता सकाळी ते उथळ बाजूला छातीभर पाण्यात चालतात. पलीकडे नव्या मास्तरांची तुकडी पाय मारते, पांढरा फेस उसळतो, त्याच्या लाटा इथवर येऊन विरतात. एकदा चालता चालता मास्तर थांबले. खाली पाण्यात त्यांचं डावं पाऊल फिकट, दूरचं, दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. त्यांनी मनातल्या मनात त्याला उठायला सांगितलं. अंगठा किंचित उचलल्यासारखा दिसला. पाणी हलत होतं, म्हणूनही असेल.

ते पाणी निवळायची वाट बघत उभे राहिले.