मुशीची नाळ

माझ्या बाळंतपणात आईच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती, आणि तिच्यामुळं मलाही. नव्व्याण्णव साल. मी पहिलटकरीण, शिरूरला माहेरी आलेले. गुरुवारी मुलगी झाली आणि शनिवार उजाडला तरी दुधाचा पत्ता नव्हता. गाईचं दूध बोळ्यानं पाजलं की पोर ओकून टाकायची. बाळंतिणीला सुकी मुशी शिजवून घातली की दूध उतरतं, असं आमच्यात सगळ्याच बाया सांगतात. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क, हे मला शाळेत कळलं. आईला ती नुसती मुशी. माझी आई चांगुणा घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, बाजारात सुकी मासळीच विकायची. त्यामुळं आपल्याला काय काळजी, असं मी समजून होते.

त्या शनिवारी कोकणातून टेम्पोनं माल आणणाऱ्या मारुतरावांनी आईपुढं मुशीचं पोतं टाकलं. वीतभर लांबीची पिल्लं, भाव निम्मा. आईनं एक पिल्लू उलटं केलं आणि तिचा हात थांबला. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या नाळी तिनंच कापलेल्या. पिल्लाच्या छातीशी, दोन परांच्या मधे, वाळलेल्या नाळेचा तुकडा चिकटलेला होता. दुसऱ्यालाही होता, तिसऱ्यालाही.

तिनं विचारल्यावर मारुतरावांनी काही आडपडदा ठेवला नाही. "गाभण माद्या खाडीच्या तोंडाशी व्यायला येत्यात, मावशी. तिथंच बारीक जाळी लावली की एक सुटत न्हाई. पोटं फाडली की ही निघत्यात. टाकून द्यायची का?"

"आन् पुढच्या सालाला काय धरनार?" आईनं विचारलं. समुद्र केवढा मोठा आहे ते तुम्हाला शिरूरात बसून काय कळणार, असं म्हणून ते हसले.

आईनं त्या पोत्यातलं काही विकलं नाही. एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली. मुशी मागायला आलेल्या प्रत्येक बाईला ती पिल्लू उलटं करून नाळ दाखवत राहिली. बाया तोंड फिरवून गेल्या. मारुतराव तणतणत टेम्पो घेऊन गेले, पोतं मात्र आमच्याच गळ्यात राहिलं.

घरी आल्यावर मी मुशी मागितली तर म्हणाली, "ह्यातली न्हाई." मग माझा तोल गेला. माशांच्या पिल्लांचा एवढा पुळका येतो आणि नात उपाशी पडलीय ती दिसत नाही, असं काहीबाही बोलले. ती चुलीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली.

रविवारी ती एसटीनं दौंडला गेली. मोठ्या, वाढलेल्या मुशीचे तुकडे कुणाकडं तरी मिळतील अशी तिला आशा होती. चार दुकानं फिरली, चारी ठिकाणी तीच पिल्लं होती आणि चारी ठिकाणी ती भांडली. रिकामी पिशवी घेऊन आली, पण टेकली म्हणून नाही. परत दारात जाऊन उभी राहिली.

सोमवारी पोरीला रडायलाही ताकद उरली नव्हती. आईनं पोत्याचं तोंड सोडलं, नवं ब्लेड घेतलं आणि एकेका पिल्लाची नाळ कापून बाजूला ठेवली. मग चिंच-लसूण घालून कालवण केलं. मी भाकरी चुरून सगळं खाल्लं. खोटं कशाला बोलू, लाज वाटली नाही. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

संध्याकाळी दूध आलं, धारेनं. मंगळवारी दवाखान्यातली सिस्टर पोरीला बघायला आली, तिला मी मोठ्या तोऱ्यात मुशीचा गुण सांगितला. ती हसली. पहिलटकरणीला बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशीच दूध उतरतं म्हणाली, पोरीला छातीशी धरत राहायचं, मुशीचा त्यात काही संबंध नाही.

"म्हंजी सोमवारी आलंच असतं?" आईनं विचारलं.

सिस्टर हो म्हणाली. त्या दिवशी हातातलं काम मधेच सोडून आई तीन वेळा माझ्याजवळ आली आणि तेवढंच म्हणाली, "उगाच घातली मी."

मला तिचा राग आला होता त्याचंच मग वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं पोरीला घेऊन मी बाजारात तिच्याजवळ बसले होते. आता ती बोंबील आणि सुकटच ठेवायची. एक म्हातारी आपल्या बाळंतीण सुनेसाठी मुशी विचारत आली. आईनं तिला काही लपवलं नाही. "माझ्या पोरीला मी सोता घातली. नाळी कापून घातली, बाई. दूध येनारच हुतं."

म्हातारीनं मान डोलवत सगळं ऐकलं आणि पलीकडं सुकी मासळी विकणाऱ्या भैरूकडं जाऊन अर्धा किलो मुशी घेतली. मी आईला म्हटलं, जाऊ दे, आपण किती जणींना सांगणार, बस आता. आई बसली नाही. बोंबलाचे ढीग तसेच उघडे टाकून ती गर्दीतून म्हातारीच्या मागं निघाली होती.

"अवो, थांबा जरा. सून कितव्या दिसाची हाय?"