काठावरचा टवका

मी पितळेची मोहोर बोलतेय. पोलीस चौकीत जप्त केलेल्या वस्तूंचं गाठोडं बांधतात, गाठीवर गरम लाख ओततात आणि त्या लाखेत जिचं तोंड दाबतात, ती मी. जन्मात खोटं बोलले नाही. तशी सोयच नाही माझ्यात. तरीही वेळ आली तेव्हा काकू सोडून चौकीतल्या एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. उलट काकूलाच वेड्यात काढलं. ते अजून खुपतं मला.

माझं शिक्षण विचाराल तर चार अक्षरं, तीही उलटी. एका म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून ती कोरली. बायको चहा घेऊन आली तर तो म्हणाला, "थांब जरा. हिच्यावर उद्या कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं असेल." चहा गार झाला, पण माझा काठ एकसारखा गोल उतरला.

चौकीत मी काकूच्या हाती पडले. काकू म्हणजे जप्त मालाच्या खोलीची हवालदार. हात राकट, जीभ त्याहून राकट. पण गाठोडं बांधायची ते लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसं. लाख ओतली की माझ्यावर हलकी फुंकर मारायची. मला भाजू नये म्हणून नव्हे, हे कळतं मला. तरी बरं वाटायचं.

तिचा एक हट्ट होता. मोहोर उठवून झाली की मला चौकीत ठेवायचं नाही. पंच म्हणून सही केलेल्या बाहेरच्या माणसाकडे सोपवायचं, म्हणजे आतल्या कुणाला गाठोडं फोडून पुन्हा लाख लावता येत नाही. नियम सगळ्यांनाच ठाऊक. बाकीचे आपापल्या मोहोरा टेबलाच्या खणात टाकायचे, पानाच्या डब्या टाकाव्यात तशा. मी मात्र समोरच्या इस्त्रीवालीकडे, तिच्या बटणांच्या डब्यात. चौकीत सगळे हसायचे, काकूची मोहोर माहेरी गेली म्हणायचे. काकू म्हणायची, "जाऊ दे. माहेरची वाट असली की बाई ताठ राहते."

या हसणाऱ्यांत धाकटा पुढे. तो लिखापढीचा शिपाई. नोकरीला लागला तेव्हा सगळ्यांत लहान होता म्हणून धाकटा. आता कानशिलं पांढरी झाली तरी धाकटाच. काकूने त्याला पंचनामा लिहायला शिकवला, डब्यातली अर्धी भाजी रोज वाढली. काकूचा नवरा आजारी पडला तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या यानेच मारल्या. तिला सख्खा भाऊ नव्हता. होता तो हाच.

एका सकाळी रस्त्यावर एका गाडीने पेपर टाकणाऱ्या म्हाताऱ्याला उडवलं. तो जागीच गेला. गाडी पळाली. रस्त्यावर राहिल्या त्या फुटलेल्या दिव्याच्या काचा. काकूने त्या एकेक वेचल्या, फडक्यात बांधल्या, तीन गाठींवर तीन वेळा मला दाबलं आणि चौथ्यांदा पंचनाम्याच्या कागदावर, नमुना म्हणून.

त्या दिवशी इस्त्रीवाली लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. धाकटा म्हणाला, "द्या माझ्याकडे. मी काय परका आहे?"

आणि काकूने दिलं. अख्ख्या नोकरीत एकदा.

देताना मी निसटले. दगडी पायरीवर आपटले. काठाला तिळाएवढा टवका उडाला. धाकट्याने मला उचललं, पुसलं, खिशात टाकलं.

दोन दिवसांत एक टेंपोवाला पकडून आणला. त्याच्या टेंपोचा दिवा फुटका होता. तो शपथा घेत होता, दिवा महिन्यापूर्वी फुटला म्हणून. त्याची बायको रोज सकाळी येऊन बाकड्यावर बसायची. फक्त दाराकडे बघायची.

आठव्या दिवशी गाठोडं तपासणीला पाठवायचं होतं. काकूची सवय, पाठवण्याआधी प्रत्येक लाखेवरून अंगठा फिरवायची. फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला. मग धाकट्याकडून मला मागून घेऊन माझा काठ चाचपला, पंचनाम्यावरचा नमुना उजेडात धरला. कागदावरचा गोल पुरा. गाठोड्यावरचे तिन्ही तुटके. टवका तर गाठोडं बांधून झाल्यावर उडालेला.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्म्याचा नंबर तपासून या म्हणाले. दुसरा म्हणाला, लाख उन्हाने वितळली असेल. तिसऱ्याने तर विचारलं, आता पितळ साक्ष देणार का? अहो, देतच होते. ऐकायला कान कुणाला होते?

काकूने धाकट्याला जप्त मालाच्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं.

"मोहोर कुणाला दिलीस?"

तो म्हणाला, "साहेबांच्या भाच्याची गाडी होती. आतल्या काचा बदलायला साहेबांनी मोहोर मागितली, मी दिली. काकू, सोडा ना. नियम आधी तुम्ही मोडलात, लिहून दिलंत तर आधी तुम्ही अडकाल."

"अडकेन."

"आणि मी?"

काकूने डबा उघडला. अर्धी भाजी त्याच्या पुढ्यात सरकवली. "खा. उद्या मी कोर्टात अर्ज देणार आहे. तुला न सांगता देणार नव्हते."

दोघांनीही घास घेतला नाही.

अर्जात काकूने पहिली चूक स्वतःची लिहिली. न्यायाधीशबाईंनी भिंग मागवून कागद आणि गाठोडं शेजारी ठेवून पाहिलं. टेंपोवाला सुटला. बायको बाकड्यावरून उठली, काकूजवळ येऊन उभी राहिली. काकू म्हणाली, "घरी जा गं बाई, चूल पेटव."

चौकशीत धाकट्याने साहेबांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, मी असं काही सांगितलंच नाही. तोंडी हुकमावर मोहोर उठत नाही, त्यामुळे ते आणि त्यांचा भाचा कोरडे राहिले, अडकला तो एकटा धाकटा. याचा मला फार राग आहे. काकूला खोलीवरून काढून चौकात वाहतुकीला उभं केलंय. उन्हात उभी असते, ताठ.

आणि मी? मीच आता जप्त माल. फडक्यात गुंडाळलेली, डोक्यावर दुसऱ्या मोहोरेची लाख. पण जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून मला काकूनेच बांधलं, दुपट्यात बांधावं तसं, आणि फुंकर मारली.

वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगते. आपल्या हातातली मोहोर परक्याला द्या. आपल्या माणसाला देऊ नका. वरून हुकूम आला की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मग तोच बुडतो.

माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. वस्तू: पितळी मोहोर एक, काठाला टवका. त्याखाली आरोपीचं नाव. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे आणि काकूला ते पाठ आहे. पण लिहिताना त्या लांबलचक नावाच्या आधी उमटलं ते एकच: धाकटा.