चक्रव्यूहातल्या चाळीस फेऱ्या

लोक उंदीर मारायला माणूस ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेत जपायला ठेवलाय. तो मी.

गुणसूत्राचा एक तुकडा जादा असलेले चोवीस उंदीर आमच्या संशोधक मॅडमनी मुद्दाम घडवून घेतलेत. माझ्या मुलीत, ठमीत, अख्खं गुणसूत्रच जादा आहे, आणि ते कोणी मागवलेलं नव्हतं. ठमी अकरा वर्षांची आहे. सगळं सावकाश शिकते. बुटाची नाडी अजून जमत नाही.

मॅडमच्या औषधाकडे मी डोळे लावून बसलो होतो. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं साखरपाणी. मग एकेकाला लाकडी चक्रव्यूहात सोडायचं. औषधवाले साखरपाणीवाल्यांच्या आधी बाहेर पडले, तर औषध लागू पडलं.

चाचणीच्या दिवशी चोवीसच्या चोवीस झटपट बाहेर पडले.

मॅडम बराच वेळ आकडे बघत बसल्या. "काका, साखरपाण्याने कोणी हुशार होत नाही. बाटल्या भरताना गोंधळ झाला असेल का? सगळ्यांना औषधच गेलं असेल, तर मग ते रामबाणच म्हणायचं."

नुसती मान हलवायची होती. औषध पुढे गेलं असतं, ठमीपर्यंत लवकर आलं असतं. पण खोट्या आकड्यांवर उभं राहिलेलं औषध पोरीच्या तोंडात घालायचं धाडस माझ्यात नव्हतं.

"बाटल्या बरोबर होत्या," मी म्हणालो. "मी त्यांना शिकवत होतो."

"कोणाला?"

"उंदरांना. पिंजरा धुताना त्यांना कुठेतरी ठेवावं लागतं. मी चक्रव्यूहात ठेवायचो. बिचारे कोपऱ्यात अडून बसायचे, म्हणून बोटाने वाट दाखवायचो."

मॅडमनी चष्मा काढला. "किती वेळा?"

"रोज दोन-दोन फेऱ्या. एकेकाच्या चाळीसेक झाल्या असतील."

"कंटाळा नाही आला?"

"उंदरांचा कसला कंटाळा, मॅडम?"

बोलून गेलो आणि एकदम आठवलं. ठमीला मी नाडी सहा वेळा शिकवली होती. मग म्हणालो, राहू दे, औषध येईल. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती चिकटपट्टीचे बूट घालते. मला स्वतःची लाज वाटली.

"सगळं पाण्यात गेलं," मॅडम म्हणाल्या. "नवे उंदीर, पहिल्यापासून सुरुवात. आणि यापुढे चक्रव्यूहाला हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हणालो.

येताना नाडीचे बूट घेतले. ठमीला जिन्यातच बसवलं. तिने गाठ मारली, ती लगेच सुटली. दुसरं टोक धरायचं ती विसरली होती. मी बोटाने दाखवलं.

"बाबा, औषध आलं?"

"नाही. ही सातवी फेरी. नाडी सोड, परत बांध."