मिनोरीच्या जावळाचा कुंचला

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. पण मी जुना झालो तो काम करून नव्हे, नुसता पडून. माझे केस घोड्याचे नाहीत, बकरीचेही नाहीत. मी मिनोरी नावाच्या मुलीचं जावळ आहे.

जपानातल्या आमच्या मोरिओकात काही घरांतून बाळाच्या जावळाचा कुंचला करून घेतात. मला घडवणारा म्हातारा मोठा बोलघेवडा होता. "या केसांच्या टोकांना कात्री लागलेली नाही, साहेब," तो मिनोरीच्या बाबांना म्हणाला. "असं टोक जन्मात एकदाच मिळतं!" बाबा हरखून गेले. मिनोरी जन्मली तेव्हा त्यांनी बागेत वसंतात पांढरं फुलणारं कोबुशीचं झाड लावलं होतं, आता कुंचलाही झाला. तिच्या आईने, योशिएने, मला कौतुकाने पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

त्या अंधारात मला एकच चाळा होता, कान देऊन ऐकण्याचा. आई दर हिवाळ्यात बागेत बसून झाडांची चित्रं काढायची. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून दोरांनी बांधलेला पाइन, लाल फळांचा नांतेन, बर्फातून मान काढणारा नर्गिस, सगळ्यांची नावं मी ऐकली होती. पण लाल म्हणजे कसं? शाई थंड लागते का? मला काहीच ठाऊक नव्हतं. बाकीचे कुंचले झिजत होते आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा.

बाबा गेले. पुढे घर विकलं; नव्या मालकाला बाग नको होती. सामान बांधायला मिनोरी दूरच्या शहरातून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडणारी माणसं येणार होती आणि कोबुशी फुलायला अजून अवकाश होता. निदान कागदावर तरी ते झाड उरावं म्हणून आई मांडीवर शाई उगाळायची दगडी पाटी घेऊन दुपारपासून बर्फात बसली होती. फांदी मोडून घरात आणायला ती तयार नव्हती. कळ्यांवरची बारीक लव मात्र काही केल्या उमटेना.

"बघ, अंड्यांसारख्या दिसतायत!" तिने कागद चुरगळला. "तुझ्या बाबांचं झाड आणि मला एक कळी जमेना."

मिनोरी घरात गेली आणि तिने माझ्या पेटीचं झाकण उघडलं. केवढा तो उजेड!

"याने काढ," मला बागेत आईपुढे धरत ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? ते तुझं जावळ आहे! शाई लागली की गेलं."

"मग ठेवलंयस कशाला? मला टक्कल पडल्यावर चिकटवायला?"

आईला हसू आलं, पण हात पुढे होईना. "बाबांनी किती हौसेने करून घेतला होता गं..."

"हो ना. कुंचला करून घेतला होता, आई. देव्हाऱ्यातली मूर्ती नाही."

आईने एकदा झाडाकडे पाहिलं आणि मला शाईत बुडवलं. मित्रांनो, शाई थंड असते. इतकी थंड की मी शहारलो! मग माझं टोक कागदाला जेमतेम टेकलं आणि कळीवर लव उगवली. एक केस, शेजारी दुसरा, मऊ, दाट. आई बघतच राहिली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "तुझं डोकं अगदी असंच लागायचं हाताला."

सकाळी झाड पडलं. आई रडली, मिनोरीही रडली. मला त्यांनी कितीदा धुतलं, तरी मुळाशी बसलेली शाई निघाली नाही. नव्या घरात आईने मला परत पेटीत ठेवलं नाही. मी खिडकीपाशी टोक खाली करून टांगलेला असतो, बाहेर नांतेनची फळं दिसतात आणि लाल म्हणजे कसं, ते आता मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखं कुणी जपून ठेवलेलं असेल. त्याला एकदा बाहेर काढा. डाग पडेल, त्याला घाबरू नका. माझ्या अंगावर एकच डाग आहे आणि तो कोबुशीचा आहे.