डॉ. सबनीसांचं पंधरावं मरण

डॉ. गुरुदत्त सबनीस आतापर्यंत चौदा वेळा मेले होते, आणि चौदाही वेळा सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, साडेअकराच्या सुमारास, व्यवस्थित नाश्ता करून.

अमेरिकेत, मिझुरीतल्या त्या गावापाशी सांगण्यासारखं एकच होतं: यादवी युद्धातली कॉटनवुड ओढ्याची चकमक. एका खेचरावरून पेटलेली, सतरा मिनिटं चाललेली. एका बाजूला सरकारी मिलिशियाचे अकरा जण. दुसऱ्या बाजूला नऊ बुशव्हॅकर, म्हणजे ज्यांना ना गणवेश, ना पगार, ना कुणाचा हुकूम; झुडपात दबा धरायचा आणि शेजाऱ्याला गोळी घालायची, एवढंच युद्ध. नवांतले आठ मेले. नववा ओढा ओलांडून पलीकडे गेला, टोपी हलवली आणि कायमचा नाहीसा झाला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. खेचर कुणालाच मिळालं नाही. गाव दरवर्षी हे सगळं पुन्हा करून दाखवतं आणि वर हॉट डॉग विकतं.

डॉक्टरांना बुशव्हॅकर करण्यात कमिटीचा विचार असा, की मिलिशियाच्या याद्या आहेत आणि त्यांत सबनीस नाही. बुशव्हॅकरांची यादीच नाही, तेव्हा त्यांत सबनीस नव्हता असं कोण सिद्ध करणार? गावच्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं भूल दिलेल्या माणसाला गावानं इतिहासात अशी जागा काढून दिली होती, जिथे हजेरीच घेत नाहीत. अर्ध्या गावाला त्यांनी कधी ना कधी टेबलावर झोपवून पुन्हा उठवलं होतं. आता गाव त्यांना दरवर्षी गवतात झोपवायचं. उठायचं त्यांचं त्यांनी.

नवांतला कोण पळणार हे त्याच दिवशी सकाळी टोपीतल्या मक्याच्या दाण्यांवर ठरायचं. आठ पिवळे, एक लाल. लाल ज्याच्या हाती, तो वाचला.

यंदा क्युपर्टिनोहून नात आली होती. आन्या, वय वर्षं सात. आजोबांच्या मरणाचे तीन वर्षांचे व्हिडिओ तिनं पाहिले होते.

"आजोबा, यू ऑलवेज डाय," ती सीरियल खाता खाता म्हणाली.

"या वेळी नाही. या वेळी आजोबा ओढ्यापलीकडे पळणार आणि तिकडून तुला टोपी हलवून दाखवणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"अहो, टोपीत हात घालायच्या आधी प्रॉमिस कसलं करता?" उत्तराबाई थर्मासमध्ये चहा ओतत म्हणाल्या.

"चौदा वर्षं आला नाही, म्हणजे आता यायलाच हवा. गणित आहे ते."

"गणित तुमचं, रडणार ती. आणि आला तरी तुम्ही काय कराल ते मला माहीत आहे."

गणित साफ चुकीचं होतं. दाणा मात्र लाल आला.

डॉक्टर तळहाताकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाची असती तर काळजी वाटावी अशी त्यांची नाडी चालली होती. शेजारी हार्डवेअरच्या दुकानातला डेल आपला पिवळा दाणा चिमटीत फिरवत होता. "सहावं वर्ष," तो स्वतःशीच पुटपुटला. तेवढ्यात डॉक्टरांचं तोंड त्यांना न विचारता बोलून गेलं, "मग हा तूच घे, डेल. मला काय, मरायची सवय आहे."

आता हे देणं नव्हे. ही नुसती सुरुवात. डॉक्टर सांगलीकडचे. तिकडे पंगतीत जिलबी वाढल्याबरोबर घेतो तो हावरट. आधी तोंडानं नको म्हणायचं, मग मानेनं, मग पानावर हात आडवा धरायचा, तोही बोटं फाकवून, म्हणजे जिलबी मधून पडायला वाट राहते. वाढणारा ऐकत नाही. न ऐकणं हेच त्याचं काम.

"नक्की?" डेल म्हणाला.

ही पहिली फेरी. "अरे नक्की, नक्की. घे."

"थँक्स, डॉक." डेलनं दाणा खिशात टाकला आणि तो बुटाची नाडी बांधायला बसला.

दुसरी फेरी आलीच नाही. चौऱ्याण्णव साली हॉस्पिटलनं विभागप्रमुखपद देऊ केलं तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, "छे, माझ्यापेक्षा लायक लोक आहेत." हॉस्पिटलनं तसा एक टेक्सासहून शोधून आणला. त्याच्या हाताखाली बावीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत माणसाला कळायला हवं. कळलंही होतं. जीभ तेवढी सांगलीत राहिली होती.

"जा, परत मागा," उत्तराबाई म्हणाल्या.

"दिलेलं परत कसं मागू?"

"दिलंत कुठे? नुसतं बोललात. सांगा त्याला, मला हवा होता म्हणून."

"असं तोंडावर कसं सांगायचं?"

"मग तिला सांगा तोंडावर."

आन्या गवताच्या गठ्ठ्यावर चढून बसली होती. डॉक्टरांनी दोघांनाही काही सांगितलं नाही.

चकमक वेळेवर सुरू झाली. बंदुकांत नुसती दारू, गोळी नाही. मिलिशियाची कॅप्टन होती फार्मसीतली कॅरल, दाढी चिकटवून. एकेक बुशव्हॅकर धारातीर्थी पडला, एक जण पडता पडता फोन सायलेंट करून. डेल ओढा ओलांडून पलीकडे पोचला. सात पडले. आठवे उभे होते.

डॉक्टरांनी पडायला जागा पाहिली. मग गठ्ठ्याकडे पाहिलं. आन्या एक हात वर करून तयार बसली होती. डॉक्टर ओढ्याकडे चालू लागले.

"डॉक, तुम्हाला लागलीय गोळी," कॅरल म्हणाली.

"नाही लागली."

मिलिशियानं पुन्हा बार भरायला घेतले. त्याला अर्धं मिनिट जातं. तेवढ्यात पळता आलं असतं. पण माणसं आपल्यासाठी बार भरताहेत आणि आपण निघून जायचं, हे डॉक्टरांना बरं दिसेना. ते थांबले. अकरा बंदुका दहा फुटांवरून उडाल्या. धूर विरला. डॉक्टर उभेच. मेलेल्यांपैकी दोघांनी माना वर करून पाहिलं. पलीकडे डेल ताटकळला होता, कारण आठवा पडल्याशिवाय नवव्यानं टोपी हलवायची नसते.

कॅरल जवळ आली. दाढी एका बाजूनं सुटली होती. "डॉक, प्लीज. पडा ना."

"नको," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नकोचा अर्थ नको असा होता.

"बसून मरा हवं तर. गुडघ्यांना त्रास नको."

डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"इतके लोक खोळंबलेत. माझ्यासाठी, डॉक. तुम्ही माझ्या आईच्या ऑपरेशनला होता." तिनं आपला निळा कोट काढला आणि गवतावर पसरला, चार कोपरे नीट करून. "या. इथे."

डॉक्टरांनी हात आडवा धरला. मग त्यांनाच दिसलं, बोटं फाकलेली होती.

छत्तीस वर्षांत या गावानं त्यांना एवढा आग्रह कशाचाच केला नव्हता. ते कोटावर आडवे झाले. टाळ्या पडल्या.

मेलेल्यानं मान वळवायची नसते. डॉक्टरांनी वळवली. ओढ्यापलीकडे डेलनं टोपी हलवली. आन्याचा हात वर होताच. कुणीतरी टोपी हलवतंय म्हणून तिनंही तो हलवला.