आपलीच तर माणसं

"आपलीच माणसं" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिस्टीम आमच्या इंदिरानगरच्या कंपनीने उभारली. कोण कुठून घुसेल हे आधी चोराच्या डोक्याने बघायचं आणि मग कुलपं ठरवायची, हे माझं काम. सिक्युरिटी आर्किटेक्ट म्हणतात मला. मी तेव्हाच घसा फोडून सांगितलं होतं की प्रत्येक नर्सला स्वतःचं कार्ड द्या, टेकवलं की कॉम्प्युटर उघडेल, उचललं की बंद. आमचे बॉस नवनाथ सर हसले. म्हणाले, अंजली, वॉर्डात सगळी आपलीच माणसं, त्यांच्यावर कसला संशय घेतेस? झालं, कार्डं आराखड्यातून गेली.

मग व्हायचं तेच झालं. एका मुलीचा फिट्सचा रिपोर्ट कुणीतरी तिच्या होणाऱ्या सासरी पोचवला, लग्न मोडलं. रिपोर्ट उघडला होता सविताताईंच्या नावाने. सविताताई पेठ तालुक्याकडच्या, वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या नर्स. सकाळी त्या आपल्या पासवर्डने कॉम्प्युटर उघडायच्या आणि दिवसभर अख्खा वॉर्ड त्याच्यावर काम करायचा. पेशंट धापा टाकत असताना पासवर्ड कोण बडवत बसणार? पण मालक डॉक्टर बागुलांनी त्यांना सगळ्या स्टाफसमोर चोर म्हटलं आणि घरी बसवलं. आता पोलिसात द्यायचं होतं, आणि चूक नर्सचीच, एवढं मी म्हणावं म्हणून मला बोलावलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवनाथ सर शेजारी बसून खुणा करत होते, म्हण आणि मोकळी हो. मी म्हणाले, "कोणी केलं ते मला माहीत नाही. कोणाकोणाला करता येत होतं, ते दाखवते. डॉक्टर, तुमची स्वतःची फाईल उघडू?"

ते म्हणाले, उघडा की, माझी फाईल अशी कुणालाही दिसत नाही.

दोघांनाही वॉर्डात नेलं. नर्स एका पेशंटला सलाईन लावत होती आणि टेबलावर कॉम्प्युटर सताड उघडा. मी फक्त आडनाव टाकलं. पहिल्याच ओळीत मूळव्याधीचं ऑपरेशन. डॉक्टरांनी पुढे होऊन स्क्रीनवर हात ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, हे कोण कोण बघू शकतं.

"सगळी आपलीच माणसं," मी म्हणाले.

मग काय, म्हणे माझी फाईल तेवढी बंद करून टाका. तेवढी! त्या पोरीची उघडी चालली, यांची चालत नाही. मी साफ सांगितलं, बंद होतील तर सगळ्यांच्या, आणि सविताताई उद्यापासून कामावर. नवनाथ सरांचा चेहरा एवढासा झाला. डॉक्टर शेवटी हो म्हणाले.

रिक्षात बसल्या बसल्या मी सविताताईंना फोन लावला, उद्यापासून कामावर या म्हटलं. वाटलं, बाई आनंदाने रडेल.

त्या म्हणाल्या, "मॅडम, चोर म्हणाले ते सगळ्यांसमोर. आणि चोर नाही, हे म्हणणार फक्त तुमच्याजवळ?"

रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, परत हॉस्पिटलकडे घ्या.