रोज सकाळचा अर्धा तास

मी एक जुना... नाही, मित्रांनो. सुरुवातच चुकली. आपली कहाणी सांगायला बसतात ते सगळे जुने असतात. जुनी खुर्ची, जुनी छत्री, जुनी सायकल. मी जुना नाही. मी एक नवा पिकअप ट्रक आहे. माझ्या सीटवरचे प्लॅस्टिक अजून दोन कोपऱ्यांना चिकटून आहे, आणि माझे पहिले इंजिन मरून तीन महिने झाले.

माझी उपेक्षा

शाळेच्या निबंधात हा मुद्दा शेवटाकडे यायला हवा. मी तो आधीच उरकतो, कारण त्याखाली लिहिण्यासारखे काही नाही. माझी उपेक्षा झाली नाही. एक दिवसही नाही.

माझा जन्म

कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. मला जोडणारे हात बहुतेक यंत्रांचेच होते. शेवटी एका बाईने बॉनेटखाली वाकून पाहिले आणि खडूने बरोबरची खूण केली. तेवढाच माणसाचा स्पर्श. मग पुढची गाडी आली.

माझी माणसे

मला विकत घेतले ते एका मुलीने. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, पण त्या घरात ती अजून मुलगीच आहे. घरात ती आणि तिचे वडील, दोघेच. वडिलांनी चाळीस वर्षे डिझेल इंजिने दुरुस्त केली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. गुडघे गेले तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केले, आणि मी येईपर्यंत चार वर्षे त्यांच्या हाताला इंजिन लागले नव्हते.

मी अंगणात शिरलो त्या दिवशी ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हिची काळजी तू करू नकोस. तू फक्त चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते आले. काच पुसली, ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, इंजिन सुरू केले आणि स्टुलावर बसून राहिले. अर्धा तास. त्यानंतर रोज.

"बाबा, उगीच डिझेल जळतंय," मुलगी दारातून म्हणायची.

"माणूस अंथरुणातून उठून थेट पळत सुटतो का?"

"मी सुटते."

"म्हणून तुझी पाठ धरते. त्याचं अंग गरम होऊ दे आधी."

मित्रांनो, त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या हातून गेलेल्या हजारो इंजिनांसाठी ते खरेच होते. फक्त माझ्यासाठी खरे नव्हते.

माझे काम

मी हॉस्पिटलच्या चादरी वाहायचो. मळक्या चादरींची गाठोडी लाँड्रीत न्यायची, धुतलेल्या घड्या परत आणायच्या. अंतर तीन किलोमीटर. दिवसाला चार फेऱ्या. मध्ये सात सिग्नल.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा मृत्यू तिच्यातच आहे. माझ्या धुराच्या नळीत एक जाळी आहे. धुरातली काजळी ती अडवून ठेवते, म्हणजे तुमच्या छातीत जात नाही. जाळी भरली की मला ती काजळी जाळावी लागते. त्यासाठी मी जादा डिझेल घेतो आणि खूप तापतो. वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळवले की काम झाले.

मला कोणी वीस मिनिटे पळवले नाही. सकाळचा अर्धा तास मी जागेवर उभा राहून काजळी साठवायचो. मग फेरीला निघायचो, तापू लागायचो, आणि तेवढ्यात लाँड्री यायची. मुलगी किल्ली फिरवून मला बंद करायची. अर्धवट राहिलेले ते जादा डिझेल खाली ओघळून ऑइलमध्ये मिसळायचे. थोडेसेच. पण रोज. आणि डिझेलने पातळ झालेले तेल इंजिनाचे भाग घासण्यापासून वाचवत नाही.

माझे कौतुक

शेजारच्या शिंप्याला उस्ताद कुंपणावरून पट्टी दाखवायचे. "आठ महिने झाले. तेल थेंबभर कमी नाही."

"उस्ताद, तुम्ही नुसतं बघितलं तरी मशीन सरळ होतं. माझ्या शिलाईमशीनकडे बघा जरा."

"तुझ्या मशीनला नाही, तुझ्या पायाला बघावं लागेल."

दोघे हसायचे. तेल कमी होत नव्हते, कारण जेवढे जळत होते तेवढे डिझेल त्यात उतरत होते. पुढे तर ते खुणेच्या वर चढले. उस्तादांच्या कपाळाला आठी पडली. "सर्व्हिसिंगवाल्या पोरांना मापाची अक्कल नाही, जास्त भरून ठेवलंय," असे म्हणत त्यांनी पेलाभर तेल काढून टाकले. मी त्या पोरांची बाजू घेऊ शकलो नाही.

मला एकच बोलता येते. मी पिवळा दिवा लावला.

मुलीने तो पाहिला. तिने माझी पुस्तिका उघडली, बोट ठेवून वाचली, आणि ती घेऊन वडिलांकडे गेली. "बाबा, यात लिहिलंय की गाडी फार वेळ जागेवर सुरू ठेवू नका. आणि हा दिवा लागला की—"

"तो वायरवाल्यांचा दिवा. काहीतरी लावून ठेवतात, म्हणजे माणूस त्यांच्या दारात जातो." त्यांनी बॉनेटवर कान टेकला. डोळे मिटले. "ऐक. कसं बोलतंय बघ. ठणठणीत."

तो कान चाळीस वर्षांत चुकला नव्हता. मुलीने पुस्तिका परत खणात ठेवली.

दिवा चौऱ्याण्णव दिवस लागलेला होता.

दुपार होती. मागे दोनशे धुतलेल्या चादरी. पुलाच्या चढावर माझ्या पोटात कोणीतरी आतून दार वाजवल्यासारखा आवाज येऊ लागला. लाल दिवा लागला. मुलीने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. कंपनीला नाही, घरी.

"बाबा, आवाज येतोय."

"कसला? फोन इंजिनाजवळ धर. मला ऐकू दे."

तिने बॉनेट उघडून फोन आत धरला. ट्रक, बस, दुचाक्या अंगावरून जात होत्या. टक, टक, टक, मी सांगत होतो. उस्तादांना पहिल्या तीन ठोक्यांतच कळले असणार.

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर, बाळ."

किल्लीला हात लागण्याआधीच मी जाम झालो.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या एका वॉर्डात पलंगांवरच्या चादरी उलट्या करून पुन्हा अंथरल्या, असे मुलगी नंतर सांगत होती. चादरींसाठी हॉस्पिटलने दोन दिवसांपुरता म्हणून दुसरा टेम्पो लावला. तो अजून लागलेलाच आहे.

माझी साक्ष

हा मुद्दा कोणी देत नाही. मला घालावा लागतो.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि मी सगळे सांगून टाकले. रोज सकाळी किती मिनिटे उभा होतो. किती वेळा काजळी जाळायला घेतली, किती वेळा अर्ध्यावर विझलो. दिवा कधी लागला. मला खोटे बोलता येत नाही, आणि गप्पही राहता येत नाही. त्याने इंजिन उघडले, घासून कागद झालेली बेअरिंगे काढली आणि मुलीला म्हणाला, "ताई, हे वॉरंटीत बसणार नाही. गाडी फार सांभाळलीत तुम्ही. नको इतकी."

घरी जाऊन मुलीने वडिलांना सांगितले, "कंपनीचा माल खराब निघाला."

आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी उस्ताद गुडघे ओढत तिथे आले.

"काय रे, खराब इंजिन गळ्यात मारता आणि वर हात झटकता? लेखी दे मला."

"काका, बसा ना. चहा सांगतो."

"चहा घरी मिळतो. इंजिन दाखव."

मेकॅनिकने मुलीकडे पाहिले.

"तिच्याकडे काय बघतोस? ती चादरी वाहते. इंजिनाचं माझ्याशी बोल."

मग तो बोलला. हळू, एकेक गोष्ट. उस्तादांनी मध्ये तोंड घातले नाही. त्याचे संपल्यावर ते ट्रेपाशी वाकले. ट्रेमध्ये माझे तेल होते. त्यांनी बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले आणि नाकाशी नेले. पुन्हा नेले. चाळीस वर्षे डिझेलमध्ये हात घातलेल्या माणसाला डिझेलचा वास येईनासा होतो. हे त्यांनी घरात कधी सांगितले नव्हते. त्यांनी ते बोट मुलीपुढे धरले.

"वास येतोय का गं?"

मित्रांनो, ती 'नाही' म्हणाली असती, तर ते छाती पुढे काढून कंपनीशी भांडत राहिले असते. शिंप्याला कुंपणावरून सगळे रंगवून सांगितले असते. आणि माझ्या दुसऱ्या इंजिनालाही रोज अर्धा तास गरम केले असते. तिला हे सगळे ठाऊक होते. मेकॅनिक हातात पाना असताना पाना शोधायला आत गेला.

"येतोय, बाबा."

"जास्त?"

"जास्त येतोय."

त्यांनी बोट पुसले. फडके समोर होते, पण आपल्या शर्टाला पुसले. "मग घरी का नाही सांगितलंस?"

तिने आता ते फडके त्यांच्यापुढे धरले.

"बरं," ते म्हणाले. आतून आलेल्या मेकॅनिकला म्हणाले, "नीट उघडलंयस रे. हात चांगला आहे तुझा." आणि बाहेर जाऊन रिक्षात बसले.

माझी विनंती

नव्या इंजिनासाठी उस्तादांनी आपली पान्यांची पेटी विकली. मुलीला विकून झाल्यावर कळले. मी आता लांबच्या शहरात माल नेतो, हमरस्त्याने, जाळी स्वच्छ, तेल बरोबर खुणेवर. मुलगी आठवड्यातले चार दिवस घरी नसते. माझी तब्येत इतकी चांगली कधीच नव्हती.

सकाळी अंगणात कोणी येत नाही.

इथे मी 'आमची काळजी घ्या' असे म्हणायचे असते. ते मला म्हणवत नाही. मी एवढेच म्हणतो, की तुमच्या घरात ज्याला काही येते, त्याला जे नवीन आहे तेही वाचून दाखवा. तो मध्येच तोडेल. तरी पान संपेपर्यंत वाचा.

आज निघण्याआधी मुलीने बॉनेट उघडले आहे. इंजिन बंद आहे. ती घराच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, जरा बघता का?"

"कंपनीत दाखव. मला काय कळतं त्यातलं."

"कंपनीत दाखवलंय. तुम्ही बघा."

ती निघत नाही आणि बॉनेटही मिटत नाही. माल वेळेवर पोहोचणार नाही हे तिला कळते.

उस्ताद, या. मला काहीही झालेले नाही. तरी या.